व्याख्या झाल्या, आता कट मोजा

सिनेमातल्या लाँग, मिड आणि क्लोजअप या शॉटच्या व्याख्या पाठ झाल्या, आता पुढे काय, असं एकाने विचारलंय. माझं मत, एखादा प्रसंग आवाज बंद करून बघा. प्रत्येक कटला, म्हणजे एक शॉट संपून दुसरा सुरू होतो तिथे, थांबायचं आणि फ्रेमच्या कडेने माणूस कुठे कापलाय ते पाहायचं. अख्खा माणूस दिसला तर लाँग, कमरेशी कापला तर मिड, छातीशी असेल तर मिड क्लोजअप, नुसता चेहरा असेल तर क्लोजअप. गुडघा किंवा घोटा अशा सांध्यावर सहसा कापत नाहीत, ते डोळ्याला खटकतं.

पण खरी मजा तोच शॉट का निवडला, यात आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) बघाच. न्यायालयातल्या प्रसंगांत कॅमेरा बहुतेक वेळ लांब आणि स्थिर आहे. वकील, न्यायाधीश, बाकांवर ताटकळलेली माणसं, सगळी एकाच चौकटीत. कोणाकडे बघायचं ते आपण ठरवायचं. तिथे सारखे क्लोजअप असते तर कामकाजाचा तो संथपणा अंगावर आलाच नसता.

लो अँगल (कॅमेरा खालून), हाय अँगल (कॅमेरा वरून) बघता बघता कळतील. ओव्हर द शोल्डरला, म्हणजे एकाच्या खांद्यामागून दुसऱ्याला दाखवणाऱ्या शॉटला, मात्र वेळ द्या. बोलणाऱ्या दोघांमधून एक रेषा जाते असं समजा, कॅमेरा तिच्या एकाच बाजूला हवा. दोन मित्रांना समोरासमोर बसवा आणि मोबाइलवर एकदा रेषा पाळून, एकदा ओलांडून दोघांचे शॉट घ्या. जोडून बघितलंत की दुसऱ्या वेळी दोघंही एकाच दिशेला बघत असल्यासारखे दिसतील.