शब्दचर्चा : जीवजन्य कार्बन, अवशेष आणि विरळणी

प्रश्न :
लाकूड जाळून वीज तयार करणाऱ्या प्रकल्पांसाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ साली जे नियम केले, त्यांचा मराठी सारांश मी करीत आहे. ‘बायोजेनिक कार्बन’साठी ‘जैविक कर्ब’ आणि ‘रेसिड्यू’साठी ‘कचरा’ असे शब्द योजले आहेत. ‘थिनिंग’साठी मात्र शब्द सुचत नाही. वाचक बहुतेक शेतकरी व कृषी पदवीधर आहेत. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १ :
‘जैविक कर्ब’ कृपया वापरू नये. माती परीक्षणाच्या अहवालात ‘सेंद्रिय कर्ब’ हा रकाना असतो आणि तो आकडा वाढला तर जमीन सुधारली, हे शेतकऱ्याला पुरते ठाऊक असते. त्यातच ‘जैविक’ म्हटले की त्याला जिवाणू खते आठवतात. अशा वाचकाने ‘जैविक कर्बावर नियंत्रण’ हे शब्द वाचून सरकार जमिनीतला कर्ब कमी करायला निघाले आहे असा समज करून घेतला, तर दोष त्याच्याकडे जात नाही. धुराड्यातून बाहेर पडतो त्याला ‘जीवजन्य कार्बन डायऑक्साइड’ म्हणावे आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘झाडापिकांच्या ज्वलनातून निघणारा’ अशी फोड करावी.

‘कचरा’ या शब्दाला माझा अधिक विरोध आहे, कारण सगळा कायदेशीर वाद तिथेच अडलेला आहे. अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेने जुलै २०११ मध्ये जीवजन्य उत्सर्जनाला हवा-परवान्याच्या (हवेत प्रदूषक सोडण्यासाठी लागणाऱ्या परवान्याच्या) अटींतून तीन वर्षांची सवलत दिली होती; वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ती जुलै २०१३ मध्ये रद्दबातल ठरवली. लाकडाचा धूर कोळशाच्या धुरासारखाच मोजायचा, की झाड पुन्हा वाढून तो शोषून घेईल म्हणून सोडून द्यायचा, हा मूळ मुद्दा आहे. त्याचे उत्तर ती वस्तू जाळली नसती तर तिचे काय झाले असते यावर ठरते. वखारीतला भुसा तसाही कुजलाच असता, उभे झाड मात्र पुढची कित्येक वर्षे कार्बन साठवत राहिले असते. मॅसॅच्युसेट्स सरकारने मॅनोमेट या संस्थेकडून करवून घेतलेल्या २०१० च्या अभ्यासात, कोळशाऐवजी जंगलातले लाकूड जाळून वीज केल्यास कार्बनचे जे कर्ज चढते (म्हणजे सुरुवातीला जो जादा कार्बन हवेत जातो) ते फिटायला सुमारे २१ वर्षे, आणि नैसर्गिक वायूऐवजी केल्यास ९० हून अधिक वर्षे लागतात, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतरच्या नियमांत प्रकल्पाची एकूण कार्यक्षमता (जळणातील ऊर्जेपैकी वीज वा उष्णता म्हणून कामी येणारा हिस्सा) किमान ५० टक्के असेल तर अक्षय ऊर्जेचे (अशा विजेबद्दल मिळणारे, विकता येणारे) अर्धे प्रमाणपत्र आणि ६० टक्के असेल तर पूर्ण, अशी अट आली. केवळ वीज करून उष्णता वाया घालवणारे केंद्र इथवर पोहोचतच नाही.

आता ‘कचरा’ म्हणजे कोणाच्याही उपयोगाचे नसलेले, टाकून दिलेले. आपल्या वाचकाच्या घरी पऱ्हाटी चुलीत जाते, तुराट्यांचे कूड होतात, कडबा गुरांपुढे पडतो आणि ऊस तुटून गेल्यावर पाचट न पेटवता खोडव्यात सरीआड सरी दाबले, तर तोच वर सांगितलेला सेंद्रिय कर्ब वाढतो. यांपैकी कशालाही कचरा म्हटले, की ‘नाहीतर त्याचे काय झाले असते’ हा प्रश्न विचारण्याआधीच निकालात निघतो. ‘अवशेष’ हा शब्द तसे काही गृहीत धरत नाही, शिवाय ‘पीक-अवशेष’ रूढही आहे.

‘थिनिंग’ला ‘विरळणी’ हा शब्द आहेच. शेतातल्या विरळणीत जादा रोपे उपटली जातात, इथे उभी झाडे तोडली जातात, एवढे मात्र एका वाक्यात सांगावे.

प्रतिसाद २ :
वरील मताशी सहमत आहे, फक्त ‘अवशेष’ सरसकट वापरू नये. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजताना जो कवळ वापरतात, तो झाडांच्या फांद्या मुद्दाम तोडून आणलेला असतो. दुसरे काही काढताना मागे राहिलेला तो नव्हे, म्हणून त्याला अवशेष म्हणता येणार नाही. जंगलाबाबतही हीच कसोटी लावावी. इमारती लाकूड नेल्यावर पडलेले शेंडे आणि फांद्या अवशेष ठरतात, पण भट्टीसाठीच तोडलेले अख्खे झाड, ते कितीही वाकडे वा कमी किमतीचे असो, त्यात बसत नाही. आपल्या ऊर्जा मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या धोरणात कोळशाच्या वीजकेंद्रांना पाच टक्के जैवइंधन-कांड्या (दाबून केलेल्या जळणाच्या गोळ्या, ‘पेलेट’) मिसळण्यास सांगितले होते आणि त्या मुख्यतः शेतीतील अवशेषांच्या असाव्यात अशी अपेक्षा होती, त्यामुळे हा भेद मराठीतही लवकरच कामाला येईल.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. ‘जीवजन्य’, ‘अवशेष’ आणि ‘विरळणी’ हे तिन्ही शब्द घेतो. वादळात उन्मळून पडलेल्या झाडांचा नियमांत वेगळा उल्लेख आहे. त्याला ‘पडझडीचे लाकूड’ चालेल का?

प्रतिसाद १ :
चालेल. ‘पडीक लाकूड’ मात्र नको, कारण आपला वाचक ‘पडीक’ म्हटले की जमीनच समजेल.