बाळ काचेत आहे आणि डॉक्टर संशोधनासाठी सही मागताहेत. करावी का?

नवा_बाबा

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितोय.

आज पहाटे बायकोचं सिझर झालं. दिवस पुरे झाले नव्हते, ३१ आठवडेच. मुलगी आहे, वजन १३८० ग्रॅम. जन्मल्याबरोबर रडली, श्वासाला मशीन लागलं नाही, पण काचेत ठेवलंय. बायको वरच्या मजल्यावर आहे. मी सकाळपासून या दोघींच्या मधल्या जिन्यात.

दुपारी एक डॉक्टर मॅडम आणि एक सिस्टर आल्या. सात पानांचं मराठी माहितीपत्रक दिलं. अभ्यास असा आहे की काही बाळांना पहिल्या दिवसापासून नळीने पूर्ण दूध द्यायचं, सलाइन लावायचंच नाही. बाकीच्यांना नेहमीसारखं, सलाइन चालू ठेवून दूध रोज थोडंथोडं वाढवायचं. कोणत्या बाळाला काय, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार. आज रात्री आठपर्यंत सांगायचंय.

सासरे म्हणतात, प्रयोगाला द्यायला लेकरू जन्माला घातलं का? आईला वाटतं, नाही म्हटलं तर डॉक्टर रागावतील आणि बाळाकडे दुर्लक्ष होईल. मी मॅडमना सरळ विचारलं, यातलं चांगलं कोणतं? त्या म्हणाल्या, "ते आम्हाला खरंच माहीत नाही. म्हणूनच अभ्यास करतोय."

हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. ज्यांच्या हातात लेकरू दिलं त्यांनाच माहीत नसेल तर आम्ही कशाच्या जोरावर सही करायची? कुणाला अनुभव असेल तर कृपया लवकर सांगा.

साधा_माणूस

सही करू नका. नाजूक बाळ आहे. जे वर्षानुवर्षं चालत आलंय तेच देऊ द्या. चिठ्ठ्या टाकून लेकरांचे उपचार ठरवायचे, हे मनाला पटतच नाही.

जुनी_सिस्टर

दादा, आधी अभिनंदन. लेक झाली. या धावपळीत कुणी म्हटलंही नसेल.

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात मी १९ वर्षं काढली, त्यातली शेवटची सहा संशोधनाच्या कामात. आज तुमच्यासमोर ज्या सिस्टर कागद घेऊन उभ्या होत्या, त्यांच्या जागी मी उभी राहिलेय.

"आम्हाला माहीत नाही" हे वाक्य ऐकून तुम्ही घाबरलात. मला ते ऐकून बरं वाटलं. खात्रीने वागणाऱ्यांनी काय केलं ते सांगते. १९४० च्या दशकात अमेरिकेत कमी दिवसांच्या बाळांना भरपूर ऑक्सिजन द्यायची पद्धत पडली. सगळ्यांना वाटायचं, ऑक्सिजन चांगलाच, मग जास्त दिला तर बिघडलं कुठे? बाळं आंधळी होऊ लागली. जगभरात सुमारे दहा हजार. कारण शोधायला वॉशिंग्टनच्या एका रुग्णालयात अभ्यास सुरू झाला, तर तिथल्या काही नर्सेस रात्री गुपचूप कमी ऑक्सिजनवाल्या बाळांचा ऑक्सिजन वाढवायच्या. त्यांना वाटायचं, या लेकरांवर अन्याय होतोय. त्या मायेनेच करत होत्या. मीही तिथे असते तर कदाचित तेच केलं असतं. शेवटी १९५३ मध्ये १८ रुग्णालयांनी मिळून मोठा अभ्यास केला आणि जास्तीचा ऑक्सिजनच डोळे घेतो हे सिद्ध झालं. 'वर्षानुवर्षं चालत आलेलं' म्हणजे सुरक्षित असं नसतं, हे वर लिहिणाऱ्या भाऊंना आदराने सांगते.

तुमच्या बाळाच्या बाबतीत प्रश्न दुधाचा आहे, आणि तो खराच अडलेला आहे. आतडं कच्चं असताना एकदम जास्त दूध दिलं तर आतड्याला गंभीर सूज येईल, अशी जुनी भीती आहे. दुसरीकडे, सलाइनची सुई जितके दिवस शिरेत राहील तितका रक्तात जंतू जाण्याचा धोका. दोन्ही बाजूंना धोका आहे, दोन्ही पद्धती आज वापरात आहेत. तुम्ही सही केली नाही तरी यातली एक पद्धत तुमच्या मुलीला मिळणारच आहे. ती मग त्या युनिटच्या सवयीने ठरेल.

आता दुसरी बाजू, कारण मी सही करा म्हणायला आलेली नाही. २०१० मध्ये अमेरिकेत पुन्हा ऑक्सिजनवरच एक अभ्यास प्रसिद्ध झाला, २४ ते २७ आठवड्यांच्या १,३१६ बाळांचा. रक्तातली ऑक्सिजनची पातळी जरा खाली ठेवलेल्या गटात डोळ्यांचा गंभीर आजार निम्म्याने कमी दिसला, पण मृत्यू १९.९ टक्के झाले, वरच्या पातळीच्या गटात १६.२ टक्के. अभ्यास गरजेचा होता. पण २०१३ मध्ये तिथल्या सरकारी देखरेख कार्यालयाने ठपका ठेवला की पालकांना दिलेल्या कागदात हे धोके नीट लिहिलेच नव्हते. म्हणून कागद वाचा. तुमच्या सात पानांत 'धोके' या मथळ्याखाली आतड्याच्या सुजेचं, साखर कमी होण्याचं आणि जंतुसंसर्गाचं नाव आहे का ते बघा. नसेल तर का नाही, ते विचारा.

अभ्यासाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीचा फोन नंबर त्या कागदावर असलाच पाहिजे. अभ्यासाची नोंद सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत असते, ती कुणालाही मोबाइलवर फुकट बघता येते. अभ्यासापायी केलेल्या तपासण्यांचे पैसे कोण भरणार आणि अभ्यासामुळे इजा झाली तर भरपाई कोण देणार, हे लेखी हवं. अभ्यासातून कधीही बाहेर पडता येतं, कारण न देता. आईंना सांगा, नाही म्हटल्याने उपचारात फरक करायचा नाही हा नियम आहे. आणि सहीची एक प्रत तुमच्याकडे राहते, ती मागून घ्या.

मध्येच एक गट स्पष्ट मागे पडताना दिसला तर काय, असं मनात येईल. अशा अभ्यासावर बाहेरची तज्ज्ञ समिती नजर ठेवते का, तेही विचारा. भारत आणि आफ्रिकेतल्या चार देशांत मिळून ३,२११ बाळांवर अभ्यास झाला होता, जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी धरण्याचा, म्हणजे कांगारू पद्धतीचा. वजन १ किलो ते १७९९ ग्रॅम, तुमच्या लेकीसारखीच. आईजवळच्या गटात २८ दिवसांत १२ टक्के बाळं दगावली, दुसऱ्या गटात १५.७ टक्के. फायदा इतका दिसला की समितीने अभ्यास ठरल्याआधीच थांबवायला लावला. २०२१ मध्ये निकाल छापून आले. जमेल तेव्हा लेकीला छातीशी धरा, तुम्हीही. त्याला कुणाची सही लागत नाही.

एक माझी चूक सांगते. सुरुवातीला मी "साधी सही आहे हो" म्हणून कागद पुढे करायचे. एकदा रात्री दोन वाजता एका बापाने न वाचता सही केली. सकाळी त्याने मला विचारलं, सिस्टर, ते रक्ताच्या बाटलीचं होतं ना? तो कागद मी बाजूला ठेवला, त्याला चहा दिला आणि पहिल्यापासून सगळं समजावलं. मग त्याने नाही म्हटलं. ते बरोबरच होतं. त्यानंतर "साधी सही" हे शब्द मी कधी वापरले नाहीत.

धानोऱ्याचा

गडचिरोली जिल्ह्यातला आहे. आमच्याकडे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि ४७ गावांशी तुलना केली. गावातल्याच बाया आरोग्यदूत. बाळ तोलायच्या, श्वास मोजायच्या, गरज पडली तर इंजेक्शनसुद्धा द्यायच्या. हजारी ६२ बाळं पहिल्या महिन्यात जायची, ती तिसऱ्या वर्षी २५ वर आली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी फेऱ्या मारतात, त्याचं मूळ इथे आहे. या गावांनी आपली लेकरं मोजू दिली, म्हणून. सुट्टी झाल्यावर तुमच्याकडेही आशाताई येतील, त्यांना परत पाठवू नका.

नवा_बाबा

सगळ्यांचे आभार. सिस्टर, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. मग तिने ती सात पानं स्वतः वाचली, झोपूनच. आतड्याच्या सुजेचं चौथ्या पानावर लिहिलंय. साखरेचं नव्हतं, ते मॅडमनी तोंडी सांगितलं. मी म्हटलं लिहून द्या, तर त्यांनी आमच्या प्रतीवर लिहून खाली सही केली.

मला सुचला नाही तो प्रश्न बायकोने विचारला. माझं दूध अजून उतरलंच नाही, मग पहिल्या दिवसापासून पूर्ण दूध म्हणजे कुणाचं? मॅडम म्हणाल्या, दूधपेढीचं. सासरे परत बिथरले.

जुनी_सिस्टर

सासऱ्यांना सांगा, दूधपेढी नवी नाही. आशियातली पहिली आपल्याच मुंबईत, शीवच्या रुग्णालयात १९८९ साली सुरू झाली. दूध देणाऱ्या आईची तपासणी होते, दूध पाश्चराइझ करतात. पण बायकोला आजपासूनच दर दोन-तीन तासांनी हाताने चीक काढायला लावा. चार थेंब आले तरी काचेपर्यंत पोचवा.

नवा_बाबा

आठला वीस मिनिटं असताना सही केली, दोघांनी. पाकिटात हळूहळू दूध वाढवायचा गट निघाला. दर दोन तासांनी तीन मिली. बायकोने वाटीत काढलेला चीक दीड मिली भरला. सिस्टरनी तो आधी नळीत घातला, उरलेलं पेढीचं. सासरे काचेबाहेर उभे राहून बघत होते.