केळी भरायची पुठ्ठ्याची खोकी किती उरल्यावर नवी ऑर्डर द्यायची?
"रोजचा सरासरी वापर गुणिले माल यायचे दिवस" एवढी उरली की ऑर्डर द्या, असं कोणी सुचवेल, पण हे रावेर-सावद्याच्या केळी पॅकहाऊसला (जिथे केळी खोक्यांत भरतात) ऐन हंगामात अपुरं पडेल. समजा रोज 1,500 खोकी लागतात, पुरवठ्याला 6 दिवस, म्हणून 9,000 उरल्यावर ऑर्डर दिली. त्याच आठवड्यात कटाई वाढून वापर 1,800 वर गेला आणि गाडी नवव्या दिवशी आली, तर गरज 16,200 ची. मधली 7,200 खोकी म्हणजेच सेफ्टी स्टॉक, अडचणीसाठी हाताशी ठेवायचा जादा साठा; म्हणून ऑर्डर 16,200 उरल्यावरच द्यायची. हा सगळ्यात वाईट योग धरलेला हिशोब आहे. पैसा अडकतो, मान्य. पण कापलेला घड पुठ्ठ्यासाठी थांबत नाही.

वर्षभराची सरासरी तर घेऊच नका, चालू हंगामाचीच घ्या. आणि शिल्लक मोजताना खोक्याचा तळ, झाकण, प्लास्टिक पिशवी वेगवेगळं मोजा. तळ 5,000 आणि झाकणं 3,200 असतील तर खोकी 3,200 च! दुसऱ्या खरेदीदाराच्या छपाईची खोकी यात धरू नका. वाटेत असलेली ऑर्डर मात्र शिलकीत मिळवा, नाहीतर दुप्पट माल येऊन पडतो. पावसाळ्यात गठ्ठे लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून लांब ठेवा. ओल धरलेला पुठ्ठा थप्पीत खालून दबतो.