मदत हवी आहे: एनआरएनडी झालेल्या मायक्रोकंट्रोलरचा साठा करावा की बोर्ड बदलावा?

आमच्या मोटर कंट्रोल बोर्डवरचा 64 पिनी मायक्रोकंट्रोलर उत्पादकाच्या पानावर 'नवीन डिझाइनसाठी शिफारस नाही' (एनआरएनडी) असा दिसतोय. वितरकाकडे मात्र तो अजून 'अ‍ॅक्टिव्ह'च आहे. मी उत्पादकाचंच खरं धरतोय. बंद होत असल्याची नोटीस अजून आलेली नाही. जेडेक या इलेक्ट्रॉनिक भागांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाप्रमाणे नोटिशीनंतर शेवटच्या ऑर्डरला किमान 6 महिने मिळतात, पण आमची पुनर्चाचणीच त्याहून लांबते.

बोर्ड अजून 7 वर्षं पुरवायचाय, वर्षाला साधारण 400 नग. खुल्या बाजारातला माल घ्यायचा नाही, बनावट निघण्याची भीती आहे.

त्याच उत्पादकाची पर्यायी चिप तपासली. फूटप्रिंट (बोर्डवर बसण्याची जागा आणि पायांची मांडणी) तोच, पण जुन्या चिपच्या एका ग्राउंड पिनच्या जागी तिला बाहेरून कपॅसिटर लागतो, म्हणजे पीसीबी बदलणं आलंच. फर्मवेअर फारसं अडणार नाही.

साठा करायचा तर चिप एमएसएल 3 (ओलाव्याला संवेदनशीलतेची पातळी) आहे. सीलबंद पिशवीची हमी साधारण 12 महिन्यांची, पुढे ओलावा घालवायला बेकिंग. पायांच्या सोल्डरेबिलिटीची (सोल्डर नीट धरण्याची) खरी काळजी वाटते.

इतकी वर्षं साठवलेले भाग कुणी प्रत्यक्ष वापरलेत का? आणि एनआरएनडी दिसताच रीडिझाइन सुरू करता, की नोटिशीपर्यंत थांबता?