दुधाचा दात पडला, आता टाकायचा कुठे?

पहिलीतल्या मुलांची बोळकी दिसायला लागली की घरोघरी हा प्रश्न येतो. वाड्यात कौलं होती, कोनाड्याखाली उंदराचं बीळ होतं. सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दोन्ही नाहीत, आणि मूल तर दात मुठीत धरून उभं आहे. तुमच्याकडची रीत लिहा: दात कुठे जातो, काय म्हणतात, कुठे फसतं. आठवणींपेक्षा कृती हवी आहे.

कसबा पेठेतून

दात उंदराचाच. साध्या पाण्याने धुवायचा, कापसात गुंडाळायचा, बिळाच्या तोंडाशी ठेवायचा आणि म्हणायचं, "उंदीरमामा, उंदीरमामा, माझा दात तू घे, तुझा दात मला दे." हे मुलानेच म्हणायचं, आईने नाही, मागणं त्याचं आहे. उंदराकडेच का मागायचं? त्याचे पुढचे दात मरेपर्यंत वाढत राहतात. कुरतडून झिजवले नाहीत तर त्याला खाताही येत नाही. ज्याच्याकडे दात कधी संपत नाहीत त्याच्याचकडे मागितलेलं बरं. त्यातून गणपतीचं वाहन, त्यामुळे इथल्या मुलांना तो परका वाटत नाही.

सोसायटीत एक काळजी घ्या. जिन्याखालच्या किंवा मीटरच्या खोलीतल्या फटीत मुलाला हात घालू देऊ नका, तिथे उंदराचं औषध टाकलेलं असतं. दात मोठ्यांनी ठेवावा, मुलाने लांबून म्हणावं.

वारज्याहून, मूळ गाव मुळशीकडचं

आमच्या भागात दात शेणाच्या गोळ्यात घालून छपरावर टाकतात. शेण कशाला, असं शहरातली माणसं विचारतात. नुसता दात मंगलोरी कौलावर ठरत नाही. घरंगळत पन्हळीत येतो, तिथून अंगणात, आणि मुलाचा हिरमोड होतो. ओलं शेण लिंबाएवढं घ्यायचं, दात मधोमध दाबायचा, भिंतीपासून चार-पाच पावलं मागे सरून खालून वर टाकायचा. पातळ शेण हवेतच फुटतं, सुकत आलेलं गडगडतं. पत्र्याला ते चिकटतं खरं, पण ऊन लागून सुकलं की पापुद्रा सुटून खाली येतो. गच्चीवर सपाट स्लॅब असेल तर शेणाची गरजच नाही.

कोथरूडहून

कौलं नाहीत त्यांनी तुळशीत पुरावा. खोडाजवळ उकरू नका, मुळं दुखावतात. कुंडीच्या काठाला चार बोटं खोल खड्डा पुरतो. वरवर पुरला तर पाणी घालताना उघडा पडतो. दात तिथे लवकर कुजत नाही हे मुलाला आधीच सांगून ठेवा. वरचं एनॅमल ही शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू. वर्षाने माती बदलायला काढली की दात जसाच्या तसा हाती येतो आणि मूल धास्तावतं. पुन्हा पुरायचा, एवढंच.

बालदंतवैद्य, सहकारनगर

रीत कुठलीही पाळा, पण दात पिकल्याशिवाय पाडू नका. दुधाचे दात २०. साधारण सहाव्या वर्षी खालचे मधले दोन हलायला लागतात, शेवटच्या दाढा अकराव्या-बाराव्या वर्षी जातात. नवा दात सरकत येताना दुधाच्या दाताचं मूळ विरघळत जातं, म्हणून पडलेला दात नुसती टोपी दिसतो. मूळ अर्धंच विरघळलेलं असताना दोरा बांधून ओढला तर ते मोडून आत राहू शकतं, रक्तही जास्त जातं. पुढे-मागे हलतोय म्हणून घाई नको. जिभेने चहूबाजूंनी वळायला लागला की मुलानेच स्वच्छ कापडात धरून फिरवावा. मग गॉजची घडी १० मिनिटं चावून धरायची. दर मिनिटाला काढून बघितलं की रक्त पुन्हा सुरू होतं. त्या दिवशी जोरात चूळ भरायची नाही.

"जीभ लावू नकोस, दात पुढे येईल" असं घरोघरी म्हणतात. सहज लागलेल्या जिभेने काही होत नाही. जीभ सतत पुढे रेटण्याची सवय असेल तर मात्र दात ढकलले जातात.

सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे एक दाढ येते, जुनं काही न पडता. ती कायमची असते. दुधाचीच समजून तिची कीड दुर्लक्षित राहते, हे मनाला फार लागतं.

आणि मार लागून दात निखळला तर आधी ओळखा. दुधाचा दात पुन्हा बसवायचा नसतो. लांब मुळासकट आलेला कायमचा दात मात्र उंदराला देऊ नका! मुळाला हात न लावता पांढऱ्या भागाला धरा, थंड दुधात बुडवा आणि अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्य गाठा.

जपानी भाषेच्या शिक्षिका, डेक्कन

जपानमध्ये खालचा दात छपरावर टाकतात आणि वरचा घराच्या जोत्याखाली. नवा दात जुन्याच्या दिशेने सरळ वाढावा, म्हणजे खालचा वर आणि वरचा खाली. स्पेनमध्येही उंदीरच येतो, त्याचं नाव पेरेझ. पाद्री लुइस कोलोमा यांनी १८९४ च्या सुमारास आठ वर्षांच्या राजा अल्फोन्सो तेरावा याच्यासाठी त्याची गोष्ट लिहिली. म्हणजे इंग्रजी गोष्टींतली दातांची परी ठेवते तसं दाताच्या बदल्यात उशीखाली नाणं हवंच असेल, तर परीऐवजी उंदीरमामानेही ठेवायला हरकत नाही. १० रुपये ठरवले तर २० दातांचे २०० होतात. पहिल्याच दाताला ५०० दिले की पुढे पंचाईत. दात मोकळा उशीखाली ठेवू नका, चादर झटकताना जातो. कुंकवाची रिकामी डबी धुऊन त्यात ठेवा.

पहिलीच्या वर्गशिक्षिका

निम्मे दात डबा खातानाच पडतात. मुलं ते टिश्यूत गुंडाळून दप्तरात टाकतात आणि घरी तो टिश्यू कचऱ्यात जातो. जून महिन्यातच कंपासपेटीत झाकणाची छोटी डबी देऊन ठेवा, झाकणावर नाव लिहा. दात बेसिनवर धुवायचा असेल तर आधी जाळीवर रुमाल टाकायला शिकवा.