बोअरची पातळी मोजायचं यंत्र सोसायटीने घ्यावं का? (घोडबंदर रोड, ठाणे)

खाडीकाठ_सेक्रेटरी:
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी घोडबंदर रोडला खाडीच्या अंगाला, चार विंग, दोन बोअर. बोअरचं पाणी फ्लश, झाडं आणि गाड्या धुवायला, प्यायला नाही. गेल्या उन्हाळ्यात एक पंप ड्राय रन होऊन (पाण्याविना चालून) जळाला, रिवाइंडिंग करून परत सोडला तर पंधरा दिवसांत पुन्हा तेच, आणि मे महिन्यात पाणी इतकं मचूळ होतं की फ्लशच्या टाकीतल्या फिटिंग बदलून बदलून प्लंबर आता घरचाच झालाय. टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारं) जानेवारीत ६०० दाखवतं, मे अखेर १४००.

आता झालंय असं की भूजल मोजायची यंत्रं पुरवणाऱ्या एका कंपनीची मेल दर महिन्याला यायला लागलीय (नंबर पंपवाल्याने दिला असणार). या वेळच्या मेलमध्ये नवीन लॉगर आल्याची बातमी, बोअरमध्ये सोडून ठेवायचा, पातळी, तापमान, कंडक्टिव्हिटी (पाण्यातून वीज किती वाहते ते) सगळं आपोआप मोजतो, मोबाईलवर दिसतं, बॅटरी कित्येक वर्षं बघायला नको. कोटेशन मागवलं, दोन बोअरचा आकडा बघून खजिनदारांनी चहाचा कप खाली ठेवला. कमिटीत दोन तट पडलेत, एजीएम पुढच्या महिन्यात. कोणी वापरलंय का? की स्वस्तात काही होईल?

टँकरग्रस्त:
पंप जळतोय त्याला लॉगर काय करणार, तो फक्त जळताना नोंद ठेवेल 😄 आधी पॅनलमध्ये ड्राय रन प्रिव्हेंटर बसवा. पाणी संपलं की मोटर करंट कमी ओढते, ते ओळखून तो बंद पाडतो, बोअरमध्ये काही सोडावं लागत नाही. आमच्याकडे इलेक्ट्रिशियनने तासाभरात बसवला.

कातळ:
टँकरग्रस्तांशी सहमत, ते उद्याच करा. मी या क्षेत्रात बरीच वर्षं काढली म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा लॉगर पाणी मोजत नाही, दाब मोजतो. त्याच्या डोक्यावर पाण्याचा जेवढा स्तंभ, तेवढा दाब, त्यावरून पातळी. पण बंद पद्धतीच्या (वर हवेपर्यंत नळी नसलेल्या) लॉगरला पाण्यावरच्या हवेचाही दाब लागतो. आपल्याकडे डिसेंबर ते जुलै हवेचा दाब साधारण दहा मिलिबारने उतरतो आणि एक मिलिबार म्हणजे जवळपास एक सेंटीमीटर पाणी, म्हणजे बोअर जागच्या जागी असताना यंत्र सांगणार पाणी दहा सेंटीमीटर खाली गेलं. म्हणून सॉलिन्स्ट या कॅनडातल्या कंपनीच्या लेव्हलॉगरसोबत हवेचा दाब मोजणारा बॅरोलॉगर वेगळा ठेवतात आणि तो आकडा वजा करतात. तुमच्या कोटेशनमध्ये हा दुसरा नग आहे का बघा. खरं सांगायचं तर तुम्हाला दहा सेंटीमीटरने काही फरक पडत नाही, पण विकणारा मिलिमीटरच्या अचूकतेच्या गप्पा मारत असेल तर हा प्रश्न विचारून त्याचं तोंड बघा.

दुसरं, रेंज. लॉगर वीस मीटर, पन्नास मीटर अशा रेंजमध्ये येतात. पावसाळ्यात तुमची पातळी किती वर येते हे माहीत नसताना कमी रेंजचा खोल टांगला तर जास्त दाबाने सेन्सर कामातून जातो. आणि ती पातळी तुम्हाला माहीत नाही, म्हणून तर यंत्र घेताय ना!

तर आधी टेप घ्या. पाण्याला टेकलं की बीप वाजतं असा लेव्हल मीटर मिळतो. रविवारी सकाळी, पंप किमान सहा तास बंद ठेवून, केसिंगच्या (बोअरच्या तोंडाशी असलेल्या पाईपच्या) त्याच कडेपासून रीडिंग, वहीत तारीख, वेळ, आकडा. वर्षभर. टेप पंपाच्या केबलमध्ये आणि दोरीत हमखास अडकतो, म्हणून पुढच्या वेळी पंप वर काढाल तेव्हा त्याच्या शेजारून एक इंची पीव्हीसी पाईप खाली सोडून घ्या, टेप त्यातून जाईल. पुढेमागे लॉगर घेतलात तर तोही त्यातूनच.

आणि वेळ का लिहायची? खाडीलगत बोअरची पातळी भरती-ओहोटीबरोबर हलू शकते. एका रविवारी भरतीला मोजलं आणि पुढच्या रविवारी ओहोटीला, तर फरक खाडीचा असेल आणि भांडण कमिटीत होईल. आजोबांचा हिशोब अजून चालतो, तिथीची पाऊणपट केली की मुंबईची पूर्ण भरती, चतुर्थीला तीनच्या सुमारास, ठाण्यात आतपर्यंत यायला थोडा जास्त वेळ.

ऐरोलीची_लॅबवाली:
दादा, पाऊणपट 👌 माझी आजीही हेच सांगायची.

सेक्रेटरी काका, १४०० टीडीएस म्हणजे खाडीच शिरली असं लगेच धरू नका. पेन टीडीएस मोजत नाही, कंडक्टिव्हिटी मोजतं आणि ठरलेल्या आकड्याने गुणून टीडीएस दाखवतं. ते कधी कॅलिब्रेट केलंय? १४१३ मायक्रोसीमेन्सचं स्टँडर्ड द्रावण छोट्या बाटलीत मिळतं, त्यात बुडवून बघा.

मग एप्रिल-मेमध्ये लॅबला नमुना द्या आणि फक्त टीडीएस नाही तर क्लोराइड, जडपणा, नायट्रेट तिन्ही मागा. समुद्राच्या पाण्यात ३५,००० च्या आसपास टीडीएस असतो, म्हणजे तुमच्या ६०० च्या शंभर बादल्यांतल्या दोन-अडीच बादल्या समुद्राच्या झाल्या की आकडा १४०० वर जातो. तसं असेल तर क्लोराइड सणसणीत वाढलेलं दिसेल. नायट्रेट ४५ च्या वर असेल तर मात्र खाडी राहू द्या, सांडपाणी मुरतंय का ते बघायला आधी आपली ड्रेनेज लाईन तपासा. आयएस १०५०० मध्ये टीडीएस ५०० पर्यंत ठीक, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतो, पण ते प्यायच्या पाण्याचं मानक आहे, फ्लशला लागू नाही.

मचूळ_पाणी:
आम्ही घेतला होता बरं का लॉगर, नवी मुंबईत, नाव नाही घेत कंपनीचं. आमचा व्हेंटेड होता, म्हणजे केबलमधून बारीक नळी वर येते आणि हवेचा दाब आपोआप वजा होतो. वरच्या टोकाला सिलिका जेलची डबी. जुलैत ते निळे दाणे गुलाबी झाले, दमट हवा नळीत गेली आणि पातळी रोज वर-खाली नाचायला लागली, वॉचमन म्हणे साहेब पाण्याला ताप आलाय. फोन केले, माणूस गणपतीनंतर आला. दाणे बदलायचे असतात हे विकताना कोणी बोललं नाही. यंत्र वाईट नव्हतं, तरी सर्व्हिस कोण देणार हे कोटेशनवर लिहून घ्या.

खाडीकाठ_सेक्रेटरी:
कोटेशनमध्ये बॅरोलॉगर नाहीये! विचारलं तर म्हणाले "ऑप्शनल आहे सर". अजून एक, कंपनीवाला म्हणतो हे कायद्याने लागतंच.

कातळ:
सरसकट नाही. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २४ सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात भूजल उपशाची एनओसी घेणाऱ्याला उपशाच्या प्रमाणात मीटर, पीझोमीटर वगैरे अटी पडतात. बिल्डरने एनओसी घेतली होती का, फाईल उघडून अटी वाचा. आणि पीझोमीटर म्हणजे निरीक्षणाची वेगळी बोअर, चालू पंपाच्या बोअरमध्ये लॉगर सोडला म्हणजे पीझोमीटर झाला असं नाही. विक्रेत्याच्या तोंडून कायदा ऐकू नका.

खाडीकाठ_सेक्रेटरी:
अपडेट. लॉगर या एजीएमला ठेवत नाही. प्रिव्हेंटर बसला, टेप आला. पहिल्या रविवारी ए विंगच्या बोअरला कडेपासून १९.४ मीटर खाली पाणी लागलं, सोसायटीत बातमी अशी पसरली की पाणी संपलं. बी विंगला टेप दोरीत अडकला, मी आणि वॉचमनकाका अर्धा तास मासे पकडल्यासारखे हलवत बसलो, निघाला एकदाचा पण बीप गेला, नवीन सेल टाकल्यावर आला. पंपवाला शनिवारी एक इंची पाईप घेऊन येतोय. द्रावणाची बाटली मागवलीय, पेन मात्र मुलगी शाळेच्या प्रोजेक्टला घेऊन गेलीय, सोमवारी मिळेल.