मदत हवी आहे: आईबाबांना यूकेला पाठवायचंय, कोविड लसीच्या सर्टिफिकेटचा घोळ (अर्जंट!!)

घाईत_पुणेकर (११ नोव्हेंबर २०२१)
नमस्कार मंडळी, पाल्हाळ लावत नाही. आईबाबांची २० तारखेची मुंबईहून फ्लाईट आहे, दोघांचे दोन्ही डोस कधीच झालेत, पण आईच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी मग नाव मग बाबांचं नाव असं आहे आणि पासपोर्टवर नुसतं नाव-आडनाव, शिवाय जन्मतारीख कुठेच नाही. एजंट म्हणतो काही होत नाही, ताई म्हणते काउंटरवरूनच परत पाठवतील. यूकेच्या सरकारी साईटवर वाचायला गेलो तर डोकं गरगरलं. क्वारंटाईन लागणार का नाही एवढंच सांगा प्लीज, ताईची डिलिव्हरीची तारीख महिनाअखेरची आहे.

थेम्सकाठी
अभिनंदन आधी :) लस कोणती ते लिहा. आणि यूके म्हणजे इंग्लंड का स्कॉटलंड? नियम सगळीकडे सारखे नाहीत.

अण्णा_डोंबिवली
काही टेन्शन घेऊ नका. आमचे व्याही ऑगस्टात जाऊन आले, घरीच दहा दिवस बसले, कोणी ढुंकूनही बघितलं नाही. सर्टिफिकेट लॅमिनेट करून गळ्यात अडकवा, काम झालं.

थेम्सकाठी
अण्णा, ऑगस्टचं आता काही उपयोगाचं नाही हो. ८ ऑगस्टपर्यंत भारत यूकेच्या सगळ्यात कडक रेड लिस्टवर होता, मग मधल्या अंबर यादीत आला, ४ ऑक्टोबरला ती अंबरबिंबर भानगडच मोडीत काढली आणि आपल्याकडचं सर्टिफिकेट तर ११ ऑक्टोबरपासून धरायला लागलेत. आणि लॅमिनेट नका करू, क्यूआर कोडवर चकाकी आली की स्कॅन होत नाही.

कोविनग्रस्त
जन्मतारखेचं सांगतो, या चक्रातून नुकताच बाहेर आलोय. साध्या सर्टिफिकेटवर पूर्ण जन्मतारीख येतच नाही, यूकेवाले त्यावरच अडून बसले होते म्हणून तर सप्टेंबरअखेरीस परदेश प्रवासाचं वेगळं सर्टिफिकेट सुरू केलं. कोविनवर लॉगिन करा, रेज ॲन इश्यू मध्ये जा, तिथे आधी नावाची दुरुस्ती करा, ती दिसायला लागली की मग पासपोर्ट नंबर जोडा आणि इंटरनॅशनल वालं डाउनलोड करा. क्रम उलटा करू नका. आणि दुरुस्ती एकदाच करायला मिळते, त्यामुळे पासपोर्ट समोर उघडा ठेवून एकेक अक्षर बघून टाईप करा, मोबाईलवर तर करूच नका, तो ऑटोकरेक्ट काय वाट्टेल ते करतो.

घाईत_पुणेकर
@कोविनग्रस्त धन्यवाद! पण लॉगिनच होत नाहीये. लस सोसायटीच्या कॅम्पमध्ये घेतली होती, नोंदणी सेक्रेटरींच्या मोबाईलवर झाली आणि ते आता मुलीकडे नागपूरला. @थेम्सकाठी रेडिंगला राहते ताई.

मिरची_ठेचा
सेक्रेटरींना फोन लावा, ओटीपी विचारा. फक्त मेंटेनन्सची थकबाकी असेल तर आधी भरा 😀

थेम्सकाठी
रेडिंग म्हणजे इंग्लंड, बरं झालं. लस???

घाईत_पुणेकर
अहो लस आपली नेहमीचीच. आईची कोविशील्ड, बाबांची कोव्हॅक्सिन. पण बाबांच्या कागदात काही प्रॉब्लेम नाहीये, आईचंच नाव चुकलंय.

थेम्सकाठी
हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं! प्रॉब्लेम बाबांचाच आहे. कोव्हॅक्सिन इंग्लंडमध्ये २२ नोव्हेंबरच्या पहाटे ४ पासून धरणार आहेत. तुम्ही २० ला निघताय, म्हणजे उतरताना बाबा इथल्या हिशोबाने लस न घेतलेले. निघायच्या आधी तीन दिवसांतली निगेटिव्ह टेस्ट, आल्यावर दहा दिवस घरात बंद आणि दुसऱ्या व आठव्या दिवसाची पीसीआर निघण्याआधीच विकत घेऊन ठेवायची. आईंना यातलं काही नाही, फक्त दुसऱ्या दिवसाची टेस्ट.

जर्सीवाला
चुकीची माहिती पसरवू नका. डब्ल्यूएचओने ३ नोव्हेंबरलाच कोव्हॅक्सिनला मान्यता दिलीये, विषय संपला. माझे सासरे कोव्हॅक्सिनवाले, इथे न्यू जर्सीला येतायत, ८ तारखेपासून अमेरिकेने दार उघडलंय, कोणी काही विचारत नाही.

थेम्सकाठी
अमेरिकेने डब्ल्यूएचओची यादी जशीच्या तशी उचलली म्हणून तिथे लगेच चालतंय. इंग्लंडची यादी वेगळी आणि तारीखही वेगळी, २२. तुमचे सासरे हीथ्रोला उतरणार आहेत का?

जर्सीवाला
नाही, पण लॉजिक तेच ना.

कोविनग्रस्त
काउंटरवरचा माणूस लॉजिक बघत नाही हो, त्याच्या स्क्रीनवर काय येतं ते बघतो.

अण्णा_डोंबिवली
मी काय म्हणतो, बाबांना आता कोविशील्ड टोचून घ्या ना. हल्ली सगळीकडे स्टॉक पडून आहे. आमच्या इथल्या एकाने दुसऱ्या नंबरवरून घेतली.

डॉ_आजोबा
अण्णा, हे असलं काहीतरी इथे लिहू नका. दोन डोस पूर्ण झालेल्याला तिसरा देण्याची परवानगी सध्या आपल्याकडे नाही. आणि घेतलाच तरी पुढचा डोस ८४ दिवसांनी, त्यानंतर वर १४ दिवस. तोवर बाळ पालथं पडायला लागेल.

अण्णा_डोंबिवली
मी आपला मार्ग सुचवला. यूकेवाल्यांनीच लस बनवायची, पुण्यात भरून घ्यायची आणि वर आपल्या सर्टिफिकेटला नाकं मुरडायची! आपण पण त्यांच्या लोकांना दहा दिवस बसवलं होतं ऑक्टोबरात, बरं केलं. परत चालू केलं पाहिजे.

संपादक
राजकारण दुसऱ्या धाग्यावर. इथे धागाकर्त्याला मदत करा.

घाईत_पुणेकर
म्हणजे ताईच्या घरी बाळ येणार आणि बाबा शेजारच्या खोलीत कोंडून? दोन बेडरूमचं घर आहे त्यांचं. पाचव्या दिवशी टेस्ट करून सुटता येतं असं कुठेतरी वाचलं, ते काय आहे?

थेम्सकाठी
टेस्ट टू रिलीज. इंग्लंडमध्ये आहे, पाचव्या दिवशी खाजगी पीसीआर, निगेटिव्ह आली की सुटका. पण उतरल्याचा दिवस शून्य धरतात, आणि दुसऱ्या-आठव्या दिवसाच्या टेस्ट चुकत नाहीत, हा तिसरा खर्च वरून. त्यापेक्षा तिकीट पुढे ढकला ना! २२ च्या पहाटेनंतर हीथ्रोला उतरणारी कुठलीही फ्लाईट घ्या, बाबा पण आईंसारखेच आत. मी तर २३ ची घेईन, अगदी काठावरची नको.

प्रवासी_मन
दुबईमार्गे बघा, खूप स्वस्त पडतं आणि ड्युटी फ्रीला चार तास मस्त जातात.

कोविनग्रस्त
नको. मधे अजून एका देशाचे कागद कशाला वाढवायचे, तेही सत्तरीच्या माणसांना? एअर बबलमधली (दोन देशांतल्या खास करारावर चालणारी) थेट फ्लाईट आहे तीच बरी.

घाईत_पुणेकर
एअरलाईनला फोन लावून कानाला ऐकू येईना झालंय, तेच ते संगीत वाजतंय. एजंट म्हणतो तारीख बदलायला पैसे नाहीत पण भाड्यातला फरक भरा, आणि फरक ऐकून बाबा म्हणाले मी क्वारंटाईनच होतो, पुस्तकं घेऊन जातो.

थेम्सकाठी
बाबांना सांगा तीन टेस्टचे पौंड आणि तो फरक एकदा शेजारी शेजारी मांडून बघा. शिवाय एखादा दिवस इकडेतिकडे झाला तर बाळाच्या जन्माच्या वेळी ते खोलीत. आणि हो, ते लोकेटर फॉर्म (प्रवासाची माहिती द्यायचा यूके सरकारचा ऑनलाईन फॉर्म) भरायचं विसराल, पोहोचायच्या आधीच्या ४८ तासांत भरायचा, दोघांचा. त्यात दुसऱ्या दिवसाच्या टेस्टचा बुकिंग नंबर लागतो, म्हणजे टेस्ट आधी विकत घ्यायची, मग फॉर्म. फॉर्म फुकट आहे, पैसे मागणारी साईट आली की बंद करा. २४ ऑक्टोबरपासून लस घेतलेल्यांना इंग्लंडात लॅटरल फ्लो (झटपट अँटिजेन टेस्ट) चालते, पीसीआरपेक्षा स्वस्त पडते, पण एनएचएसची (इथल्या सरकारी आरोग्यसेवेची) फुकटवाली चालत नाही, खाजगीच घ्यायची. टेस्ट केली की पट्टीचा फोटो त्यांना पाठवायचा, ते ताई करेल.

कोविनग्रस्त
अजून एक. बाबांच्या कागदात प्रॉब्लेम नाही म्हणालात, पण जन्मवर्ष बघितलंत का? आमच्या वडिलांच्या आधारवर १९५२ आणि पासपोर्टवर १९५३ निघालं. पासपोर्टवर १ जून, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तेच लिहिलं, आपल्याकडे त्या पिढीतलं निम्मं गाव १ जूनला जन्मलंय.

घाईत_पुणेकर
आत्ता बघितलं. बाबा पण १ जून 😭 वर्ष मात्र जुळतंय सुदैवाने. सेक्रेटरींनी ओटीपी दिला पण त्यांचं रेंजमध्ये येणं, मला वाचून दाखवणं, तोवर दोनदा मुदत संपली, तिसऱ्यांदा घुसलो. आईची दुरुस्ती टाकलीये, अजून जुनंच नाव दिसतंय.

कोविनग्रस्त
दिसेल, मला एका रात्रीत आलं, मेव्हण्याला जास्त वेळ लागला. सारखं सारखं परत टाकू नका. आणि तोवर पासपोर्ट जोडू नका!

सुगरण_काकू
डिलिव्हरीला चाललेत म्हणजे डिंकाचे लाडू नेणारच असतील. दूध-तुपाचं नेऊ देत नाहीत हां. आमच्या वहिनींचे पेढे हीथ्रोवर डब्यासकट गेले.

जर्सीवाला
अमेरिकेत लाडू चालतात.

सुगरण_काकू
अमेरिकेचं कोण विचारतंय इथे.

थेम्सकाठी
काकू बरोबर सांगतायत, युरोपाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. डिंक, अळीव, खारीक कोरडे आणा, तूप इथे मिळतं, लाडू इथेच वळा.

घाईत_पुणेकर
मंडळी, २३ ची तिकिटं मिळाली, फरक भरला, बाबा दोन दिवस बोलणार नाहीत बहुतेक. आईचं नाव अजून बदललेलं नाही, रोज सकाळी उठून तेच बघतोय. परतीच्या वेळी काय लागतं?

थेम्सकाठी
एअर सुविधाचा (भारतात येणाऱ्यांनी भरायचा सरकारी ऑनलाईन) फॉर्म आणि निघायच्या आधीच्या ७२ तासांतला आरटीपीसीआर. पण कधी परत येणार?

घाईत_पुणेकर
फेब्रुवारीत.

थेम्सकाठी
मग ते जानेवारीअखेरीस विचारा.

बाळूमामा_सातारा
आमच्या सासूबाईंनी स्पुटनिक घेतलीये, त्यांचं काय होईल? तिकीट काढलंय.